साथीचा तपास: न आजारलेल्यांनाही विचारा

साथरोगशास्त्राकडे नव्याने वळलेले विद्यार्थी आजाऱ्यांची यादी झटकन करतात. धडधाकट माणसांना विचारायचं मात्र राहून जातं, आणि तपास तिथेच फसतो.

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात यात्रेच्या महाप्रसादानंतर जुलाब सुरू झाले. जेवले 200, आजारी 52. आधी रुग्ण कोणाला म्हणायचं ते लिहून काढा: जेवणानंतर 72 तासांच्या आत, एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. ही व्याख्या मध्येच बदलली तर आधी भरलेले तक्ते वाया जातात. घरोघरी ‘अतिसार’ म्हणू नका. ‘हगवण लागली का, किती वेळा जावं लागलं?’ असं विचारा. कन्नड घरात ‘भेदी’.

आता 52 पैकी 50 जणांनी भात खाल्लेला, 48 जणांनी खीर. दोष भाताचा? नाही. भात 190 जणांनी खाल्ला, त्यातले 50 आजारी: 26 टक्के. न खाणाऱ्या 10 पैकी 2, म्हणजे 20 टक्के. गुणोत्तर जेमतेम 1.3. खीर खाणाऱ्या 120 पैकी 48 आजारी, 40 टक्के. न खाणाऱ्या 80 पैकी 4, फक्त 5 टक्के. गुणोत्तर 8. संशय खिरीवर. याला रिस्क रेशो म्हणतात, आणि तो निरोग्यांना विचारल्याशिवाय निघत नाही.

छेदात गावची लोकसंख्या घालू नका, जेवलेली माणसं घाला. यात्रेला आलेल्या माहेरवाशिणी, पाहुणे दुसऱ्या दिवशी परततात. त्यांना फोन करावाच लागतो. सीमाभागात आणखी एक गळती आहे. निपाणीकडचा रुग्ण कोल्हापूरला, कागवाडकडचा मिरजेला दाखवतो, त्यामुळे इकडच्या नोंदवहीत त्याचं नावच नसतं. दवाखान्याच्या वहीवर विसंबू नका, आशाताईंना घेऊन दारोदार जा.

प्रत्येकाला त्रास सुरू झाल्याची वेळ विचारा. 1 ते 6 तासांत उलट्या सुरू झाल्या असतील तर स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या विषाचा संशय घ्यावा. कॉलराची लक्षणं दिसायला काही तासांपासून 5 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

चिंचलीच्या मायाक्का यात्रेसारख्या गर्दीत छेद मिळणारच नाही. तिथे आजारी आणि निरोगी असे दोन गट निवडून ऑड्स रेशो काढतात, म्हणजे प्रत्येक गटातलं खाल्लेल्यांचं न खाल्लेल्यांशी प्रमाण काढून आजाऱ्यांच्या प्रमाणाला निरोग्यांच्या प्रमाणाने भागतात. पण त्याला ‘इतके पट धोका’ म्हणू नका: वरच्याच खिरीच्या आकड्यांवर तो 12.7 येतो, खरं गुणोत्तर 8 असताना. आजार इतक्या जणांना झाला की तो फुगतोच.