ग्रेड बी: पतधोरण वाचा आणि लगेच टाइप करा

रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी भरतीसाठीच्या ग्रेड बी परीक्षेत पहिल्या टप्प्याच्या 200 गुणांपैकी 80 गुण सामान्य ज्ञानाला, त्यामुळे बहुतेक जण चालू घडामोडींच्या पीडीएफमध्येच बुडून जातात. खरा घाम फुटतो तो दुसऱ्या टप्प्यात. तिथली वर्णनात्मक उत्तरं कीबोर्डवर टाइप करायची असतात, आणि हातानं झरझर लिहिणाऱ्यांचीही तिथे त्रेधा उडते.

त्याचा सराव असा करा. पतधोरण, म्हणजे व्याजदरांबद्दलचा रिझर्व्ह बँकेचा निर्णय, जाहीर झालं की गव्हर्नरांचं निवेदन बँकेच्या संकेतस्थळावरून मुळातून वाचा. क्लासच्या नोट्स नंतर. मग ते बंद करून घड्याळ लावा आणि एकच उत्तर टाइप करा: रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं अल्पकाळासाठी पैसे देते तो) बदलला किंवा तसाच ठेवला, तो का? महागाईचं 4 टक्क्यांचं लक्ष्य आणि वर-खाली 2 टक्क्यांची मुभा त्यात यायलाच हवी. स्पेलचेक बंदच ठेवा, त्याची सवय फार घातक.

हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी येतं. सहापैकी कोणत्या सदस्याचं मत वेगळं पडलं आणि कशावरून, ते पाहून तेच उत्तर पुन्हा टाइप करा. मुलाखतीलाही हाच मसाला उपयोगी पडतो.