गेकोच्या कप्प्यांच्या शोकेसला ऊब देताना या चुका टाळा

डिसेंबरात भुसावळ-जळगावकडे पारा १० च्या आसपास घसरला की गेको, म्हणजे पाळीव पाली, सांभाळणाऱ्यांचे मला ठरलेले फोन यायला लागतात. "दादा, गेको खात नाही." "शेपटी बारीक झाली." "दिवसभर एकाच कोपऱ्यात बसून असतो." पुढे विचारलं की बहुतेक वेळा एकच चित्र समोर येतं. हॉलमध्ये सुताराकडून बनवलेलं छान शोकेस, काचेचे सरकते दरवाजे, चार कप्पे, चार लेपर्ड गेको आणि सगळ्यांसाठी मिळून एकच थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून ऊब चालू-बंद करणारं यंत्र.

ही चूक मीही केली होती. वर दोन, खाली दोन असे कप्पे. सेन्सर खालच्या डाव्या कप्प्यात, ३२ अंशांवर सेट. तो कप्पा अगदी बरोबर ३२ दाखवायचा. पण तो बाहेरच्या भिंतीला लागून होता, रात्री लवकर थंड पडायचा, म्हणून थर्मोस्टॅट मॅट (फरशी तापवणारी विजेची चटई) जास्त वेळ चालू ठेवायचा. चारही मॅट एकाच लाइनवर असल्याने वरचे दोन कप्पेही तेवढेच तापत होते, त्यात खालची ऊब वर चढत होती. एका सकाळी वरच्या उजव्या कप्प्याच्या फरशीला हात लावला आणि झटकन काढला. थर्मामीटर ४१ दाखवत होता. गेको पाण्याच्या वाटीला अंग चिकटवून, मान वर करून बसला होता. तो वाचला, पण पोटाची कातडी लालसर झाली होती आणि ती बरी व्हायला दोन काती लागल्या.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. शोकेस एक असलं तरी प्रत्येक कप्पा ही वेगळी खोली आहे. प्रत्येकाला स्वतःचा थर्मोस्टॅट हवा. अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो स्वस्तातला डिजिटलही मॅटला चालतो. चार घेणं सध्या जमत नसेल तर निदान वरच्या मजल्याला एक आणि खालच्या मजल्याला एक घ्या आणि सेन्सर त्या मजल्यावरच्या सगळ्यात गरम कप्प्यात ठेवा. दुसरा कप्पा थोडा गार राहील. तो गारवा गेको काही दिवस काढतो, पण पोट भाजलं तर ते भरून यायला महिने लागतात.

दुसरी चूक शोकेस बनवतानाच होते. लेपर्ड गेकोला नुसती उष्णता नको असते, निवड हवी असते. आपल्या सातपुड्याच्या नावाची त्याच्या कुळातली एक जात २०१४ मध्ये शास्त्रीय नोंदीत आली. (ती पकडून घरी आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको.) उन्हाळ्यात सातपुड्याचा दगड दुपारी तव्यासारखा तापतो, तरी हे प्राणी तिथे टिकतात, कारण दिवसा ते दगडाखाली, बिळात असतात आणि रात्री बाहेर येतात. ऊब हवी तेव्हा उबेला, गारवा हवा तेव्हा गारव्याला. आपल्या कप्प्यातही तेच जमलं पाहिजे. एका टोकाला फरशी ३२ ते ३४, दुसऱ्या टोकाला हवा २४ ते २६. दीड फुटाच्या कप्प्यात असा उतार मिळत नाही, सगळा कप्पा एकसारखा तापतो. तीन फूट लांबी धरा आणि मॅट फरशीच्या एक तृतीयांश भागातच ठेवा.

आता शेजारच्या कप्प्यांचं बघा. वायरमन सोयीसाठी सगळ्या मॅट प्रत्येक कप्प्याच्या उजव्या बाजूला लावतो. मग डाव्या कप्प्याची गरम बाजू उजव्या कप्प्याच्या गार बाजूला चिकटते, मधलं प्लाय तापतं आणि उजव्याला गार कोपराच उरत नाही. मधल्या फळीच्या दोन्ही अंगांना गरम बाजू ठेवा, गार बाजू बाहेरच्या टोकांना जाऊ द्या. वर-खालीसुद्धा गरमवर गरम, गारवर गार. वरच्या कप्प्याला खालून फुकट ऊब मिळते, त्याचा थर्मोस्टॅट आपोआप कमी वेळ चालतो. फक्त बाहेरचं एखादं टोक पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीला लागत असेल तर शोकेसची जागाच बदला.

मॅट जाड प्लायच्या खालून चिकटवू नका. ऊब वर पोहोचत नाही, मॅट स्वतःच तापत राहते आणि काही महिन्यांनी प्लायवर तपकिरी डाग दिसतो. तो डाग म्हणजे जळायची सुरुवात समजा. मॅट आत, प्लायवर पसरा, वर पातळ टाइल छोट्या पायांवर ठेवा, म्हणजे मधे थोडी हवा राहील. सेन्सर टाइलच्या वर, लपायच्या गुहेत, पक्का बसवा. नुसत्या टेपवर भरवसा ठेवू नका. गेको रात्री सगळं उकरतो. सेन्सर निघून पाण्याच्या वाटीत पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून थंडच आहे, आणि मॅट रात्रभर बंद होत नाही.

मॅटऐवजी वरून सिरॅमिक हीटर लावणाऱ्यांनी होल्डरकडे लक्ष द्यावं. आपल्या घरात खटक्याचे होल्डर, हीटर मात्र आट्यांचा. दुकानात स्वस्तात प्लास्टिकचा कन्व्हर्टर मिळतो आणि तोच वितळतो. चिनी मातीचा आट्यांचा होल्डर घ्या आणि हीटरभोवती जाळी लावा. रात्री लाल बल्ब लावू नका, गेकोला तो उजेड दिसतो.

"मॅट दिवसा गरम, संध्याकाळी कोमट" ही तक्रार खेड्यांतून जास्त येते. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी १८० मिळालं तर मॅटची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. थर्मोस्टॅट यात काही करू शकत नाही. मॅट खराब नसते, बदलू नका. ज्या मॅट कायमच कोमट असतात, त्यांची जोडणी तपासा. दोन सारख्या मॅट एकापाठोपाठ म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर प्रत्येकीला पाव ताकद मिळते. प्रत्येक मॅट सरळ मेनवर, समांतर जोडलेली हवी. १६ वॅटच्या चार मॅट मिळून जेमतेम ६४ वॅट होतात, म्हणजे जुन्या एका बल्बइतकं. घरचा इन्व्हर्टर ते सहज ओढतो, म्हणून शोकेसचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

मोजताना बंद काचेतून इन्फ्रारेड गन मारू नका, ती काचेचंच तापमान दाखवते. दार सरकवून फरशीवर मोजा.

थंडीत वीज गेली आणि परत यायचं नक्की नसेल तर खायला घालू नका. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. थंडीत केळीची वाढ थांबते, म्हणून ते रात्री पाणी देतात, बागेत धूर करतात. गेकोचंही तसंच. अंग गार असलं की पोटातला किडा पचत नाही, सडतो आणि मग उलटी होते. माझ्या आजीने एकदा विचारलं होतं, "पालले बी थंडी वाजस का रे?" वाजते आजी, आणि तिला अंगातून ऊब काढता येत नाही, बाहेरूनच घ्यावी लागते.

पण खान्देशात गेको थंडीपेक्षा मे महिन्यात जास्त मरतात. मार्च संपला की मॅटचा प्लग काढून टाका. थर्मोस्टॅट गरम करणं थांबवतो, गार करत नाही. खोलीच ४० वर गेली की बंद काचेचं शोकेस भट्टी होतं. प्रत्येक कप्प्याला एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाळी ठेवा, म्हणजे हवा फिरेल. वरच्या कप्प्यातले गेको दोन महिने वेगळ्या डब्यात, घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा. धाब्याचं जुनं घर असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. गार बाजूला कडाप्पाचा तुकडा आणि ओलं खापर ठेवा. गोठवलेली पाण्याची बाटली ठेवायची तर ती आत नको, बाहेरून काचेला टेकवा. क्रेस्टेड गेको घ्यायचा विचार असेल तर एसीशिवाय इथे घेऊ नका, २८ च्या वर त्याला त्रास सुरू होतो.

गेको तोंड उघडं ठेवून बसलेला दिसला तर आधी त्याला त्या कप्प्यातून बाहेर काढा, साध्या पाण्याने भिजवलेल्या कापडावर सावलीत ठेवा, मग काय बिघडलं ते शोधा.