चिपट्यून करायचंय? मशीन घ्यायचं की सॉफ्टवेअरवर भागवायचं

चिपट्यून म्हणजे जुन्या गेम मशीन आणि कॉम्प्युटरच्या साउंड चिपच्या आवाजात केलेलं संगीत, त्यासाठी आधी पैसे खर्च करू नका. फॅमिट्रॅकर किंवा फर्नेस हे ट्यून बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका आणि निन्टेंडोच्या जुन्या एनईएस गेम मशीनचे ५ चॅनल (एका वेळी वाजू शकणारे आवाज) पकडून एक ट्यून करा, म्हणजे २ पल्स आणि १ ट्रायअँगल (ही लहरींच्या आकारांची नावं), १ नॉइज म्हणजे खरखरीचा आणि १ सॅम्पलवाला म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजवायला चॅनल पुरत नाहीत मग स्वर भराभर एकामागोमाग फिरवायचे, तो टिपिकल गुरगुरणारा आवाज तिथूनच येतो, आणि ही युक्ती जमली की अर्धं काम झालं बघा.

हार्डवेअर कधी घ्यायचं? कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरच्या सिड या साउंड चिपचा नाद असेल तर, कारण त्यातला फिल्टर (आवाजाचा पोत बदलणारा भाग) अॅनालॉग आहे आणि ६५८१ मॉडेलमध्ये तर चिपगणिक वेगळा वाजतो, सॉफ्टवेअर जवळ जातं पण तंतोतंत नाही. फक्त जुन्या चिपा मरतात, बदली शोधत बसावं लागतं.

स्टेजवर वाजवायचं असेल तर गेम बॉय या हातात धरायच्या गेम मशीनवर एलएसडीजे हे ट्यून बनवायचं सॉफ्टवेअर मस्त, थोडी खरखर येते पण मला तीच आवडते. बाकी घरी बसून करणाऱ्याला महागडा सिंथ (सिंथेसायझर) कशाला हवाय, सॉफ्टवेअरमध्ये चॅनलची मर्यादा मात्र स्वतःहून पाळा, नाहीतर १० ट्रॅक चढवाल आणि रेट्रोपणा गायब.