कुत्र्याच्या कल्चरचा नमुना: गावातून नागपूरपर्यंत बिघडू न देता

कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या चाचणीत) ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट आला म्हणून कुत्र्याला संसर्ग नाही, असं धरू नका. खेड्यातल्या दवाखान्यातून नागपूरच्या प्रयोगशाळेकडे निघालेला नमुना बरेचदा वाटेतच बिघडतो.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या इंजेक्शनआधी घ्या. पिसाळल्याची शंका असेल तर मात्र त्या कुत्र्याला हातच लावू नका.

गळू फुटून वाहणारा पू निरुपयोगी. त्यात कातडीवरचे आणि मातीतले जंतू मिसळलेले असतात. केस कापा, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसा आणि जागा पूर्ण सुकू द्या. ओली राहिली तर औषध सुईबरोबर आत जाऊन जंतू मारतं. मग न फुटलेल्या भागातून १८ गेज सुईने १-२ मिली पू ओढा. त्यातलाच एक थेंब काचपट्टीवर पसरून हवेत वाळवा. फॉर्मेलिनची बाटली त्याच डब्यात ठेवू नका, तिच्या वाफेने पट्टी नीट रंगत नाही. स्वॅबच वापरायचा असेल तर एमीज माध्यमातला (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या जेलमधला) घ्या. कोरड्या कापसावर नाजूक जंतू तग धरत नाहीत.

लघवी जमिनीवरून उचलू नका. पशुवैद्यकाने २२ गेज, दीड इंची सुईने थेट मूत्राशयातून ३-५ मिली काढावी. अशा नमुन्यात मिलिलिटरला जंतूंच्या १,००० वसाहतीही (कल्चरमध्ये वाढलेले ठिपके) महत्त्वाच्या. धार झेलून घेतलेल्या लघवीत १,००,००० लागतात. म्हणून कशी घेतली ते फॉर्मवर लिहाच. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाळ्यात) बाटली दोन तास टेबलावर राहिली तर जंतू कित्येक पटींनी वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. लगेच ४ अंशांवर ठेवा, २४ तासांत पोचवा. बाटली कागदात गुंडाळा, बर्फाला टेकून गोठू देऊ नका. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने पाठवलेला डबा सोमवारपर्यंत पडून राहतो. तो पाठवूच नका.

फॉर्मवर नुसतं ‘पू’ लिहून भागत नाही. जागा, वेळ, दिलेलं औषध, सगळं लिहा.

प्रयोगशाळेतही एक चूक वारंवार होते: कुत्र्याच्या कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जंतू त्याच्याच जातकुळीतला ‘ऑरियस’ म्हणून नोंदला जातो. मेथिसिलीन-प्रतिकार (पेनिसिलिन गटातल्या औषधांना दाद न देणं) पाहायला स्यूडइंटरमीडियससाठी ऑक्सॅसिलीन या अँटिबायोटिकची चकती लावा. सेफॉक्सिटिनच्या चकतीवर हा प्रतिकार निसटतो.

आणि पावसाळ्यात, धानाच्या बांध्यांतून फिरणारं कुत्रं ताप-काविळीनं आलं तर साधं कल्चर मागवू नका. अशा आजारामागे असू शकणारा लेप्टोस्पायरा हा जंतू त्यात वाढत नाही. पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) पहिल्या आठवड्यात ईडीटीएतलं (रक्त गोठू न देणाऱ्या नळीतलं) रक्त, नंतर लघवी पाठवा, हातमोजे घालूनच.