घरच्या बाळंतपणाला निघण्याआधी बॅग तपासताना

हातमोजे, नाळेचे चिमटे, निर्जंतुक कात्री, डॉप्लर (पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र), बीपीचं यंत्र, सलाईन, टाक्यांचं सामान. ही यादी सुईणीच्या प्रशिक्षणात पाठ होतेच, त्यावर वेळ घालवत नाही. चिमटे मात्र जास्तीचे ठेवा, एखादा हातातून निसटतोच.

मला आजही धास्ती वाटते ती बाळाच्या ॲम्बू बॅगची, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्कमधून हवा द्यायला हातानं दाबायच्या पिशवीची. ती बॅगेत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. धुऊन पुन्हा जोडताना झडपेचं पातळ रबर नीट बसत नाही, ओलं राहिलं तर चिकटतं, आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी मास्क तळहातावर घट्ट टेकवा आणि पिशवी दाबा. तळहाताला हवेचा दाब जाणवला पाहिजे. आणखी जोर दिला की सुरक्षा झडपेतून हवा सुटल्याचा आवाज आला पाहिजे. हात सैल केला की पिशवी लगेच फुगली पाहिजे. यातलं एकही झालं नाही तर सगळं सुटं करा, जोडा, परत तपासा. मास्क 0 आणि 1 अशा दोन्ही मापांचे हवेत. बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटातच हवा द्यायला लागायचं असतं. तेव्हा झडप जुळवत बसता येत नाही. हे मला कुणी हातात देऊन करायला लावलं नव्हतं. नवख्या मुलीला बॅगेला हातच लावू न देणाऱ्या वरिष्ठांकडे शिकायला राहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं सामान वेगळ्या पाऊचमध्ये, सगळ्यात वर. ऑक्सिटोसिन, म्हणजे हा रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन, 2 ते 8 अंशांत राहायला हवं, पण ॲम्प्यूल (त्याची काचेची कुपी) बर्फाला टेकून गोठू देऊ नका. सिरिंज आणि सुई त्याच पाऊचमध्ये. थंड ठेवायची सोय नसेल तर त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या सोबत घ्या, त्याही मूळ पाकिटातून न काढता, कारण दमट हवेत त्या निकामी होतात. तयार किट विकत घेऊन मोकळं होणं मला पटत नाही. जी वस्तू आपण स्वतः ठेवली, ती अंधारातही हाताला लागते.

सुरुवातीला बॅग फार जड होते. होऊ द्या, काय कमी करायचं ते हळूहळू कळतं. पण गरज पडली तर दवाखान्यात कुठल्या गाडीनं न्यायचं, हे बॅग उचलण्याआधी घरच्यांशी बोलून पक्कं करा. गाडी ठरली नसेल तर मी निघत नाही.