पाहुण्यांना गरम टॉवेल द्यायचाय? घरच्या मोदकपात्रात होतो

डिसेंबरात पुण्यात थंडी पडली की घरी जेवायला आलेल्या माणसाच्या हातात आधी गरम ओला टॉवेल द्या, चेहरा बघा कसा खुलतो! जपानमधे ह्याला ओशिबोरी म्हणतात, तिथे हॉटेलात बसल्या बसल्या देतात, जेवणाआधी हात पुसायला.

टॉवेल जाड सुती टर्किशचेच घ्या, साधारण 30 बाय 30 सेंटीमीटरचे, तुळशीबागेत नाहीतर लक्ष्मी रोडला सोलापुरी बघा. नवे असतील तर दोन-तीनदा धुवून घ्या कारण सुरुवातीला ते पाणी धड शोषत नाहीत आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसतो न मग टॉवेल नुसता पाणी पसरवत बसतो.

आता मेन गोष्ट म्हणजे पिळणं. भिजवून इतका घट्ट पिळा की थेंब पडता कामा नये, पाणी राहिलं तर वाफवल्यावर ते उकळतं होतं आणि हात भाजतो. मग आडवी घडी, घट्ट गुंडाळी, आणि मोदकपात्रात पाच-सात मिनिटं वाफ. चिमट्याने काढा, अर्धा मिनिट थांबा, स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मगच ट्रेमधे ठेवून द्या. लहान मुलं नि आजी-आजोबांना जरा कोमटच.

वास हवाच तर पाण्यात लिंबाची साल टाका, अत्तर नको, जेवणाच्या वासात मिसळतं.

तांबड्या रश्श्यानंतर परत एकदा द्या, पण नवा टॉवेल, तोच नाही. वापरलेले लगेच गरम पाण्यात साबण घालून भिजवा, हळदीचे डाग उन्हात वाळवले की बरेच जातात.