खाऊच्या पाकिटावरील चित्र: आधी घड्या, मग रेखाटन

मुलांच्या खाऊच्या पाकिटासाठी चित्र काढायला घेण्यापूर्वी छपाईवाल्याकडून पाकिटाचा सपाट आराखडा मागून घ्यावा आणि त्यावर घड्या, कापायच्या रेषा व सीलच्या पट्ट्या कुठे येतात हे पाहूनच पात्राची जागा ठरवावी, कारण पडद्यावर गोंडस दिसणाऱ्या सशाचा एक डोळा सीलखाली दबला की तो बिचारा केविलवाणा दिसू लागतो. पार्श्वभूमीचा रंग कापायच्या रेषेबाहेर साधारण 3 मिमी वाढवावा. चेहरा व अक्षरे मात्र रेषेपासून बरीच आत ठेवावीत. घटक, ॲलर्जीची सूचना आणि बारकोड यांची जागा आरंभीच राखून ठेवावी. बारकोडच्या रेषा लाल किंवा नारिंगी रंगात छापू नयेत, कारण अनेक स्कॅनर लाल प्रकाश वापरतात आणि त्या प्रकाशात अशा रेषा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जातात. पडद्यावरचा झगझगीत पोपटी रंग चार शाईंच्या छपाईत हमखास मंदावतो, म्हणून रंगाचा निर्णय छापील नमुना पाहूनच घ्यावा. पदार्थात नसलेले फळ, कितीही मोह झाला तरी, चित्रात काढू नये. चवीसाठी केवळ अर्क वापरला असेल, तर तसे समोरच्या बाजूवरच स्पष्ट लिहावे.